पाण्यावरची साय

मागच्या दिवाळीला मी आईला घेऊन धाकट्या बहिणीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. विमानप्रवासाने झोपेची घडी विस्कटली की पहाटे चारला टक्क जाग येते. दिवाणखान्यात कोपऱ्यात भाच्याची काचेची पेटी आहे. तिच्यात दीडशे लिटर खारे पाणी, दगडांवर वाढलेले प्रवाळ आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाऊनफिशची एक जोडी. चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसणे हा माझा तिथला पहिला उद्योग झाला. बालरोगतज्ज्ञाला श्वास मोजायची खोड असतेच. गंमत म्हणून मी माशांच्या कल्ल्यांची उघडझाप घड्याळ लावून मोजून ठेवली होती.

पाचव्या दिवशी पहाटे दोन्ही मासे पाण्याच्या वरच्या कडेला तोंड लावून होते. मोजले तर उघडझाप आदल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. एखादे बाळ असे धापा टाकत आले असते, तर मी नर्सला आधी ऑक्सिजन लावायला सांगितले असते. भाच्याला उठवले. तो डोळे चोळत म्हणाला, "मामा, पंप तर चालू आहे!" त्याने अमोनिया तपासला: शून्य. नायट्राइट शून्य. तापमान २६ अंश, ठीक. सामू म्हणजे पीएच मात्र ७.७ होता, एरवी आठच्या वर असतो. बाकी सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट मात्र धापा टाकतोय, अशी ती अवस्था. वॉर्डात असे झाले की आम्ही कागद बाजूला ठेवतो आणि पेशंटकडे पुन्हा नीट पाहतो.

नीट पाहिले ते आईने. ती उठून आली, चष्मा सावरत वाकली आणि म्हणाली, "अरे, पाण्यावर तवंग आलाय की. रात्रभर झाकून ठेवलेल्या आमटीसारखा."

खरेच होते. पंखाच्या वाऱ्याने किंवा पंपाच्या धारेने पाण्यावर ज्या बारीक लहरी उठायला हव्यात, त्या जवळजवळ थांबल्या होत्या. दिवा तिरपा धरला की इंद्रधनुषी, चकचकीत पापुद्रा दिसत होता.

हा पापुद्रा येतो कुठून? माशांचे खाणे, त्यांची विष्ठा, अंगावरचा चिकट स्राव, प्रवाळ सोडतात तो बुळबुळीत द्रव, मेलेले शेवाळ या सगळ्यांतून प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ पाण्यात उतरतात. त्यांतल्या बऱ्याच रेणूंचे एक टोक पाण्याला चिकटते आणि दुसरे पाण्यापासून पळते. अशा रेणूला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे पाणी आणि हवा यांची सीमा. तिथे ते दाटीवाटीने उभे राहतात आणि साय धरते. त्यात बहिणीच्या घरी स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामध्ये भिंतच नाही. तीन दिवस चकल्या, शेव आणि अनारसे तळणे चालू होते. कढईतून उडालेले तेलाचे सूक्ष्म कण हवेतून तरंगत जाऊन पाण्यावर बसले असणार.

थोड्या तेलाने काय होते, हे बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहॅम कॉमन इथल्या तळ्यावर पाहिले होते. त्याने चमचाभर तेल पाण्यावर ओतले आणि सुमारे अर्धा एकर, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस गुंठे पाणी शांत झाले. १७७४ साली त्याने ते छापून प्रसिद्ध केले. चमचाभर तेल एवढ्या जागेवर पसरले तर थराची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या दोन-तीन पटच भरते, म्हणजे रेणूच्या मापाची. पुढे जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात घर सांभाळणाऱ्या आग्नेस पॉकेल्स या बाईंनी स्वयंपाकघरातल्या साध्या साधनांनी या थराचे मोजमाप केले. त्यांचे पत्र लॉर्ड रॅले यांनी १८९१ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आणले.

आता हा एवढासा थर माशाचा श्वास कसा अडवतो? एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना जास्तीत जास्त पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. गोड्या पाण्यात सव्वाआठ. म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशाची शिल्लक मुळातच तुटपुंजी. दिवसा दिव्याखाली शेवाळ आणि प्रवाळांतले सूक्ष्मजीव ऑक्सिजन तयार करतात. रात्री तेही फक्त श्वास घेतात. मग सगळा भरवसा पाण्याच्या पृष्ठभागावर. तिथे लहरी उठत राहिल्या, वरचे पाणी खाली आणि खालचे वर होत राहिले, तर ऑक्सिजन आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. साय या लहरी मारते. ती भिंतीसारखी आडवी येते असे नाही. मुख्यतः ती पाण्याचे हलणेच थांबवते. त्यात नोव्हेंबरच्या थंडीत खिडक्या बंद, घरात आठ माणसे आणि दिवसभर पेटलेला गॅस. घरच्या हवेतच कार्बन डायऑक्साइड साचला होता. सामू उतरला तो त्यामुळे.

इथे मला माझा नवजात शिशूंचा कक्ष आठवल्याशिवाय राहिला नाही, कारण तिथे आम्ही नेमकी अशी साय बाळाच्या छातीत घालतो. आपल्या फुप्फुसातल्या वायुकोशांना आतून पाण्याचा पातळ लेप असतो. पाण्याच्या पृष्ठताणाने ते कोश मिटायला बघतात. 'सर्फॅक्टंट' नावाचा स्निग्ध थर तो ताण कमी करतो आणि कोश उघडे राहतात. सात-आठ महिन्यांतच जन्मलेल्या बाळाकडे हा थर पुरेसा नसतो, म्हणून ते प्रत्येक श्वासाला कण्हते. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये हे दाखवून दिले. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी बाहेरून सर्फॅक्टंट देऊन बाळे सुधारतात हे सांगितले. आज सरकारी रुग्णालयातही ती कुपी मिळते, आणि काही तासांत बाळाचा श्वास निवताना मी पाहिला आहे. बाळाला तारणारा आणि माशाला घुसमटवणारा, दोन्ही थर एकाच जातीच्या रेणूंचे. फुप्फुसात तो प्रत्येक श्वासाबरोबर पसरतो, आकसतो आणि नवा होत राहतो. भाच्याच्या पेटीत तो नुसता साचला होता.

साचू नये म्हणून त्या पेटीत एक साधन होतेच: सरफेस स्किमर, म्हणजे पृष्ठभागावरची साय ओढून घेणारे तोंड. फिल्टरच्या शोषनळीला वर एक तरंगती, दातेरी वाटी जोडलेली असते. धरणाच्या सांडव्यावरून जसे फक्त वरचे पाणी जाते, तसे या वाटीच्या काठावरून पृष्ठभागाचा पातळ थर आत ओघळतो आणि फिल्टरकडे जातो. मोठ्या टाक्यांत हेच काम काठालगतचा सांडवा करतो. पाणी खालच्या दुसऱ्या टाकीत पडते. तिथे बऱ्याचदा 'प्रोटीन स्किमर' असतो. नाव सारखे असले तरी तो वेगळा. तो बारीक बुडबुडे सोडून फेस करतो आणि घाण त्या फेसाला चिकटून वर येते. कोकणच्या किनाऱ्यावर लाट फुटल्यावर जो पिवळसर फेस वाळूवर राहतो, तीच क्रिया. पण साय वरून काढून त्याच्यापर्यंत पोहोचवली नाही, तर तो तरी काय करणार?

मग भाच्याचा स्किमर काय करत होता? बंद होता. आम्ही आलो त्या रात्रीपासून. आईचा बिछाना दिवाणखान्यातल्या सोफ्यावर होता आणि स्किमर रात्री गुडगुड आवाज करत होता. आजीची झोप मोडू नये म्हणून नातवाने तो काढून ठेवला. आवाज का येत होता? थंडीत घर गरम ठेवणाऱ्या यंत्राने हवा कोरडी होते, पाणी भराभर वाफ होऊन जाते. पेटीतली पातळी बोटभर उतरली होती. वाटी पाण्याऐवजी हवा ओढू लागली होती. म्हणजे आवाज हे लक्षण होते. आम्ही लक्षण थांबवले आणि आजार वाढू दिला. ताप उतरला म्हणून अँटिबायोटिक अर्धवट सोडणाऱ्या पेशंटला मी हेच ऐकवत असतो.

उपाय पाच मिनिटांचा होता. स्वयंपाकघरातला कोरा टिपकागद पाण्यावर अलगद अंथरला आणि उचलला. साय कागदाला चिकटून आली. असे चार वेळा केले. पंपाचे तोंड वर वळवले, म्हणजे पृष्ठभाग ढवळला जाईल. खिडकी चार बोटे उघडली. उतरलेली पातळी शुद्ध गोड्या पाण्याने भरली, कारण वाफेबरोबर मीठ जात नाही. खारे पाणी घातले असते तर क्षार वाढले असते. मग स्किमर जोडला. या वेळी आवाज नाही. दुपारपर्यंत मासे खाली आपल्या दगडाशी गेले. दुसऱ्या दिवशी सामू आठवर आला. साय, बंद खिडक्या आणि गॅस यांतला वाटा किती कोणाचा, ते मी वेगळे काढू शकत नाही. आईने फर्मान काढले, "आता उरलेले तळण गॅलरीत करा."

स्किमर वापरणाऱ्यांनी पाण्याची पातळी रोज पाहावी, वाटीचे दाते आठवड्यातून एकदा धुवावेत आणि फटी बारीक ठेवाव्यात, नाहीतर छोटे मासे व गोगलगायी आत ओढल्या जातात. स्किमर आहे म्हणून खाणे जास्त टाकू नये. घरात गोड्या पाण्याचे गप्पी किंवा गोल्डफिश असतील तरी तवंग दिसल्यावर टिपकागदाची युक्ती चालते. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा.

डॉक्टर म्हणून चार गोष्टी सांगतो. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका. मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद तिथे असू शकतो. काही आठवड्यांनी बोटावर न दुखणारी, न भरणारी गाठ येते आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. अशी गाठ घेऊन गेलात तर 'घरी माशांची टाकी आहे' हे डॉक्टरांना आपणहून सांगा. निम्मे निदान तिथेच होते. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नका. प्रवाळ वाढलेले दगड उकळत्या पाण्याने धुऊ नका. झोअँथिड नावाच्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते आणि त्याची वाफ श्वासात गेली तर माणूस गंभीर आजारी पडतो. आणि खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्याने, पाण्यात हात घालण्याआधी बटणे बंद करा.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक. भारतात दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्या बरोबरीने पहिल्या परिशिष्टात घातले गेले. मालवणला गेलात तर ते पाण्यातच पाहा. तुकडा घरी आणू नका.

निघायच्या दिवशी पहाटे मी पुन्हा घड्याळ लावून बसलो. श्वास पहिल्या आकड्यावर आले होते. सोफ्यावर आई गाढ झोपली होती आणि स्किमर तिच्या उशाशी, आवाज न करता, पाणी ओढत होता.