पाठ बघून ओळखायचं पातं

यवतहून भीमा ओलांडून ईशान्येला निघालं की शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव लागतं. इथली पांढरीची टेकाडं डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात खणली. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या सुमारास नांदलेलं शेतकऱ्यांचं गाव वर आलं. घरं, धान्याच्या बळदा, घरातच पुरलेली माणसं. आणि गारगोटीच्या जातीच्या दगडाची, कॅल्सेडनीची, असंख्य पाती. तांबं त्यांना ठाऊक होतं, पण ते दुर्मिळ; रोजची कापाकापी दगडानेच व्हायची.

बाणाचं दगडी टोक म्हटलं की आपल्याला त्रिकोणी, अणकुचीदार आकार आठवतो. मेक्सिकोकडची जुनी टोकं बरीचशी तशी असतात, एकाच दगडात घडवलेली. तिथला जाणकार आधी बूड बघतो: देठ आहे का, बगलेला खाचा आहेत का. त्यावरून प्रकार ठरतो. आपल्याकडच्या सूक्ष्मास्त्रांना ही कसोटी लागू पडत नाही. नखाएवढे तुकडे लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने बसवायचे, एखादा तुटला तर तेवढाच बदलायचा, अशी त्यांची रीत. म्हणून इथे आधी पाठ बघायची. एक कड बारीक टवके काढून मुद्दाम बोथट केलेली असते, खाचेत घट्ट बसावी म्हणून. समोरची कड धारदारच ठेवलेली. बोथट पाठ कमानदार असेल तर ती चंद्रकोर.

मला सर्वांत मोह पडतो तो पाती काढण्याच्या युक्तीचा. कारागीर दगडाच्या गाभ्यावर दोन्ही बाजूंनी आळीपाळीने टवके उडवून आधी एक नागमोडी धार उभी करी. पहिलं पातं त्या धारेच्या रेषेत सुटून येई. ते निघाल्यावर मागे दोन सरळ कंगोरे उरत आणि पुढची पाती त्यांच्या आधाराने सरळ निघत. पात्याच्या पाठीवरचे समांतर कंगोरे म्हणजे आधी निघालेल्या पात्यांच्या खुणा. नुसत्या फुटलेल्या गारगोटीवर ते नसतात. मेक्सिकोतले कारागीरही ज्वालामुखीच्या काचेतून, ऑब्सिडियनमधून, अशीच कंगोरेदार पाती काढत. दोघांची कधी गाठ पडली नाही, तरी दगडाने दोघांना एकच वाट दाखवली.

असं पातं नांगरटीत दिसलं तर ते खिशात घालू नये. जागेवरच फोटो काढावा आणि पुरातत्त्व खात्याला कळवावं. कोणत्या थरात, कशाशेजारी पडलं होतं यावरूनच त्याचं वय लागतं. शेजारी उभ्या खोबणींचा, बोटाएवढा झिजलेला गाभाही असेल, तर पाती तिथेच बसून काढली असण्याची शक्यता मोठी.