हिच किती उंचीवर?
द्राक्षबागेच्या ओळींमधून फिरणारा पंधरा-वीस अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर घेतला, की त्याच्यामागे छोटी ट्रॉली किंवा पाण्याची टाकी ओढायची गरज पडतेच. अमेरिकेत यासाठी आतून दोन इंचांची चौकोनी नळी ट्रॅक्टरच्या मागे बसवतात. तिच्यात हवा तो दांडा सरकवून आडवी पिन घातली की जोडणी, म्हणजेच हिच, तयार. चौकोनी पाइप, जाड पट्टी, कटर आणि वेल्डिंग मशीन एवढ्यावर हे काम गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानातही होतं, आणि ते तिथे व्हावं असंच माझं मत आहे. पण असा हिच पारखताना चर्चा होते ती पट्टी किती जाड आणि वेल्डिंग किती भरदार याची. चालवणाऱ्याचा जीव मात्र आधी हिचच्या उंचीवर अवलंबून असतो.

ट्रॅक्टर ओझं ओढतो तेव्हा मागची चाकं पुढे फिरतात आणि सांगाडा मागच्या अ‍ॅक्सलभोवती उलटा फिरू पाहतो, म्हणजे पुढची चाकं उचलली जातात. ओढ जमिनीपासून जितकी उंच, तितका हा उलटण्याचा जोर वाढतो. अ‍ॅक्सलच्या बराच खाली जोडलेला हिच मात्र नाक वर उठताच आणखी खाली जातो आणि जोर आपोआप ओसरतो. उंच जोडलेल्या ओझ्याने ट्रॅक्टर मागे कलंडायला लागला, तर क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. 1917 पासून निघालेला फोर्डसन ट्रॅक्टर अशा उलटण्यासाठी बदनाम होता. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने नांगर आणि ट्रॅक्टर तीन बिंदूंनी एकजीव केले. नांगर दगडाला अडला की वरची दांडी, म्हणजे टॉप लिंक, पुढच्या चाकांना उलट खाली दाबते. 1939 च्या फोर्ड 9एन ट्रॅक्टरने ही रचना सर्वदूर नेली, आणि आजच्या मिनी ट्रॅक्टरच्या मागे दिसतात ते दोन हात व टॉप लिंक तिचेच.

नेमका इथेच घरगुती हिच फसतो. दोन हातांमध्ये आडवी पट्टी टाकून तिच्या मध्यावर नळी जोडणं सोपं असतं, पण लिफ्टचा दांडा ओढला की ओझं ओढण्याचा बिंदू हवा तेवढा वर चढतो. शिवाय त्या हातांना वर उचललं जाण्यापासून अडवणारं काही नसतं; ट्रॉलीत माल मागे सरकला तर तिची दांडी हिच उचलते. म्हणून आडव्या पट्टीपासून टॉप लिंकच्या ब्रॅकेटपर्यंत दोन तिरप्या पट्ट्या कसून हातांची उंची पक्की करावी लागते. त्याहून चांगलं म्हणजे कंपनीच्या ड्रॉबारच्या (ओझं ओढण्याच्या पट्टीच्या) जागी, मूळ बोल्टच्या छिद्रांतच बसवणं. अ‍ॅक्सलच्या हाउसिंगवर वेल्डिंग करू नये. ते बहुधा ओतीव लोखंडाचं असतं आणि उष्णतेने तडकतं.

‘वर्षानुवर्षं असंच ओढतोय, काही झालं नाही,’ हे उत्तर सपाट रानात आणि हलक्या ट्रॉलीला खरं असतं. चाक चिखलात रुतलं किंवा चढावर पूर्ण जोर लावला, की तोच हिच वेगळा वागतो. खाली बसवलेला हिच बांधाला घासतो, ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यासाठी हिच उचलण्यापेक्षा त्याची मागची लांबी कमी करावी आणि ट्रॉलीच्या दांडीचं टोक त्याच्या उंचीला आणावं. हे माप बांधकामाच्या टेपने घेता येतं, अभियंता लागत नाही.