उतारवय आणि वाहनाचा परवाना

वय झाले म्हणून वाहन चालविणे सोडावे काय, यावर घरोघरी वाद होतात. कायदा काय म्हणतो, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये परवान्यासाठी कमाल वयाची अट नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पंचावन्न वर्षांवरील व्यक्तीस खासगी वाहनाचा परवाना एका वेळी पाच वर्षांसाठी मिळतो. नूतनीकरणास डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. पंचवीस मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते काय, वगैरे बाबी त्यात नोंदवायच्या असतात. वाहन चालवून दाखवण्याची चाचणी मात्र परवान्याची मुदत संपून वर्ष उलटले असेल तरच द्यावी लागते.

मेख येथेच आहे. हे प्रमाणपत्र कित्येकदा तपासणीविना, ओळखीवर मिळते. शिवाय मोतीबिंदू झालेल्यास दिवसा नंबरप्लेट दिसते. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. मान पुरती वळत नाही, औषधांनी गुंगी येते, ब्रेकवर पाय क्षणभर उशिरा पडतो. तरीही ऐंशीचा एखादा गृहस्थ साठीतल्या दुसऱ्यापेक्षा सावधपणे चालवतो. म्हणून केवळ वय पाहून परवाना काढून घेणे आम्हास अन्यायाचे वाटते. (दर नोव्हेंबरला आम्ही बँकेत निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला घेतो. माणूस जिवंत आहे एवढे दरवर्षी तपासले जाते. बाहेर लावलेली स्कूटर तो कशी चालवतो, हे कोणीच पाहत नाही!)

जपानमध्ये ७५ वर्षांपुढील चालकांची नूतनीकरणावेळी स्मरण व आकलनाची चाचणी होते. तरीही एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाने ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि रस्ता ओलांडणारी आई व तिची तीन वर्षांची मुलगी ठार झाली. मे २०२२ पासून तेथे, या वयाच्या ज्या चालकांनी मागील तीन वर्षांत ठरावीक नियम मोडले असतील, त्यांना प्रत्यक्ष वाहन चालवून दाखवावे लागते. परवाना आपणहून परत करणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते व त्यावर अनेक ठिकाणी बस-टॅक्सीच्या भाड्यात सवलत असते.

ही दुसरी तरतूद आम्हास अधिक मोलाची वाटते. किल्ली काढून घेतली तर दवाखान्यात जायचे कसे? आपल्या एस.टी.ने २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास दिला, हे उत्तमच. पण ती सवलत शहरबसला नाही आणि घरापासून बँकेपर्यंतच्या दोन किलोमीटरांना तिचा उपयोग नाही.

तोवर विद्यार्थ्यांनी आजोबांची किल्ली लपवू नये. एकदा त्यांच्या मागे बसून पाहावे. वळताना ते मागे पाहतात काय, हॉर्न ऐकू येतो काय, गाडीवर नवे ओरखडे कुठले? शंका आल्यास प्रथम डोळे तपासून घ्यावेत आणि तोपर्यंत रात्रीचे चालविणे थांबवावे. एवढ्यानेही ऐकले नाही, तर कायद्याच्या कलम १६ नुसार आजारपणाच्या सबळ कारणावरून परवाना अधिकारी कोणत्याही वेळी वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतात.