विद्यार्थ्यांचा अंक आणि संपादकाची सही

शिशाच्या खिळ्यांच्या काळात मजकुराचा प्रवास डोळ्यांना दिसत असे. वार्ताहराने लिहिलेला कागद उपसंपादकाच्या मेजावर येई. तो तांबड्या शाईने काटछाट करी, कोपऱ्यात आपली आद्याक्षरे घाली आणि कागद जुळाऱ्याकडे धाडी. जुळवलेल्या मजकुराचे मुद्रित निघे, मुद्रितशोधक ते वाची आणि त्याचीही खूण त्यावर पडे. दुसऱ्या दिवशी एखादी चूक उघडकीस आली, तर कागदांचा तो गठ्ठा उलगडून चूक कोणाच्या हातून झाली आणि कोणाच्या नजरेतून सुटली, हे पाहता येई. ही व्यवस्था कोणी मुद्दाम आखलेली नव्हती. कागद एकच होता आणि तो एका वेळी एकाच हातात राही, म्हणून ती आपोआप घडली.

संगणक आला आणि कागदाचे हे एकपण नाहीसे झाले. पत्रकारितेचे शिक्षण देणाऱ्या संस्थांतून विद्यार्थी सरावासाठी अंक काढतात, त्यांच्या कामात हा फरक विशेष जाणवतो. बातमी एकाच्या भ्रमणध्वनीवर लिहिली जाते, व्हॉट्सॲपवरून दुसऱ्याकडे जाते, तिसरा तीत दुरुस्ती करतो आणि चौथा मात्र दुरुस्तीपूर्वीचीच प्रत पानात बसवतो. फायलींना ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’, ‘खरे अंतिम’ अशी नावे पडू लागली की समजावे, कोणती प्रत संपादकाने मान्य केली हे आता संपादकालाही सांगता येणार नाही. विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन संपादन-व्यवस्था उभारण्याचा प्रश्न येथून सुरू होतो.

भोपाळ हे या प्रश्नाचा विचार करण्यास योग्य ठिकाण आहे. माखनलाल चतुर्वेदी यांच्या नावाचे पत्रकारिता विद्यापीठ तेथे १९९० साली स्थापन झाले. अनेक वर्षे ते शिवाजी नगराला लागून असलेल्या महाराणा प्रताप नगरात होते. आता ते शहराबाहेर बिशनखेडी येथे आहे. खुद्द शिवाजी नगर ही दाट झाडीत वसलेली सरकारी निवासांची वसाहत. या वसाहतीने जून २०२४ मध्ये एक बातमी जन्माला घातली. शिवाजी नगर व तुळशी नगर या भागांत मंत्र्यांसाठी व आमदारांसाठी नवी निवासस्थाने बांधावयाची आणि त्यासाठी सुमारे २९ हजार झाडे तोडावी लागणार, असे प्रसिद्ध झाले. रहिवाशांनी कडाडून विरोध केला आणि राज्य सरकारने तो प्रस्ताव मागे घेतला.

असली बातमी विद्यार्थ्यांच्या अंकात यावयाची असेल, तर तिने कोणती वाट चालावी? प्रथम विषय सुचवला जातो आणि कोणीतरी तो मान्य करून एका वार्ताहराला नेमून देतो. मग कच्चा मसुदा तयार होतो. त्यानंतर संपादन, तथ्यांची तपासणी, मथळा आणि छायाचित्र, अखेरची संमती, आणि शेवटी प्रसिद्धी. संगणकावरील व्यवस्थेत या प्रत्येक टप्प्याला एक नाव असते, आणि बातमी कोणत्या टप्प्यावर आहे हे सर्वांना एकाच फलकावर दिसते. कोणाला काय करता येईल हेही ठरलेले असते: वार्ताहराने लिहावे, पण त्याला स्वतःची बातमी प्रसिद्ध करता येऊ नये, तपासणी करणाऱ्याने शंका नोंदवावी, पण लेखकाला न कळवता वाक्य बदलू नये. दोघांनी एकाच वेळी एकच मजकूर उघडला, तर दुसऱ्याला सूचना मिळावी. प्रत्येक बदल त्याच्या वेळेसह आणि बदल करणाऱ्याच्या नावासह जपला जावा. थोडक्यात, कोपऱ्यातील आद्याक्षरांचे काम यंत्राने करावे.

‘२९ हजार’ हा आकडाच घ्या. तो सरकारी कागदातून आला, आंदोलकांच्या पत्रकातून आला, की दुसऱ्या वर्तमानपत्रातून उचलला? ज्या व्यवस्थेत आकड्याशेजारी त्याचे मूळ लिहिण्याची जागा आहे आणि ती जागा रिकामी असेपर्यंत बातमी पुढच्या टप्प्यावर सरकतच नाही, ती व्यवस्था पत्रकारिता शिकवते. नुसते रंगीत फलक आणि घंटा वाजवणाऱ्या सूचना असतील, तर ती घाई शिकवते. बाजारात दुसऱ्या प्रकारची साधने पुष्कळ आहेत.

अशी साधने मोठ्या कंपन्यांतूनच निर्माण होतात, असा समज असतो. तो फारसा खरा नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड नावाचे एक स्थानिक वृत्तपत्र आहे. २००३ साली तेथे एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन या दोघांनी वृत्तपत्राच्या संकेतस्थळासाठी एक आराखडा रचण्यास घेतला. विलिसन तेव्हा इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाचा विद्यार्थी होता आणि कामाच्या अनुभवासाठी तेथे आला होता. रोजच्या घाईत नवे विभाग उभे करावे लागत, म्हणून बातमीदारांना मजकूर भरण्यासाठी लागणारे तक्ते आपोआप तयार होतील अशी सोय त्यात झाली. हाच ‘जँगो’, २००५ साली तो सर्वांना मोफत खुला झाला. त्याच २००३ मध्ये मॅट मुलेनवेग या महाविद्यालयीन तरुणाने माइक लिटल याच्याबरोबर ‘वर्डप्रेस’ प्रसिद्ध केले. पुढे याच वर्डप्रेसला जोडण्यासाठी ‘एडिट फ्लो’ हे साधन निघाले. बातमीचे टप्पे, संपादकांची शेऱ्यांची देवाणघेवाण आणि अंकाचे वेळापत्रक त्यात मिळते, आणि त्याच्या जन्मामागे विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रांत काम केलेली मंडळी होती. तेव्हा भोपाळच्या अगर पुण्याच्या विद्यार्थ्यांनी हे शून्यापासून रचावयाचे नाही. मोफत मिळणारे घ्यावयाचे आणि आपल्या कामाच्या रीतीप्रमाणे बेतावयाचे.

पण आपल्या कामाची रीत कोणती, हे आधी ठरले पाहिजे, आणि त्यासाठी अमेरिकेकडे पाहण्याची गरज नाही. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली तेव्हा आगरकर आणि टिळक महाविद्यालयातून बाहेर पडून फार दिवस झाले नव्हते. आजच्या भाषेत तो विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राहून थोडाच मोठा संसार होता. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत आहे, अशा वार्तेने महाराष्ट्र अस्वस्थ होता. दिवाण माधवराव बर्वे यांच्या नावाची काही पत्रे या संपादकांच्या हाती आली आणि त्यांच्या आधारावर दोन्ही पत्रांनी दिवाणांवर टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी दाखवली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची कैद झाली आणि त्यांतील १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. दोघेही तेव्हा सव्वीस वर्षांचे होते.

त्यांच्या हेतूविषयी कोणीही शंका घेतली नाही. उणीव होती ती एकाच टप्प्याची: हाती आलेला कागद खरा आहे काय, हे लिहिणाऱ्याहून वेगळ्या आणि त्या विषयाने न तापलेल्या माणसाने पाहण्याची. विद्यार्थ्यांची व्यवस्था आखताना हा टप्पा सर्वांत आधी मांडावा. वेळापत्रक आणि छायाचित्रांची सोय मागाहूनही करता येते. आज बनावट पत्राऐवजी बनावट चित्रफीत येते, इतकाच फरक.

भाषेची अडचण निराळीच आहे, आणि परदेशी साधने बनवणाऱ्यांच्या ती ध्यानीही येत नाही. भोपाळच्या छापखान्यांत वर्षानुवर्षे चालत आलेले कृतिदेव आणि मराठीतील श्रीलिपी ही जुन्या पद्धतीची अक्षरवळणे होत. कृतिदेवात टंकलेला ‘शिवाजी’ पडद्यावर देवनागरी दिसतो, पण यंत्राच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची गिचमीड असते. म्हणून शोध घेतला तर सापडत नाही आणि संकेतस्थळावर चढवला तर वाचता येत नाही. मजकूर पहिल्या टप्प्यापासूनच युनिकोडमध्ये असावा, छपाईसाठी रूपांतर करावयाचे ते शेवटी. मराठीला आणखी एक बारीक काटा आहे. ‘दुसऱ्या’तील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकसंध किंवा ‘र’ला नुक्ता जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. साठवण्यापूर्वी सर्वांना एकच रूप देण्याची तजवीज केली नाही, तर फेरफारांची नोंद न झालेले बदलही दाखवू लागेल.

सर्वांत कठीण गोष्ट तंत्राची नाहीच. साध्या वृत्तपत्रातला उपसंपादक वीस वर्षे तेथेच असतो. विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रातला संपूर्ण संपादकवर्ग वर्षा-दोन वर्षांत निघून जातो. ज्या हुशार मुलाने व्यवस्था उभारली तोच परवलीचा शब्द घेऊन नोकरीस लागतो, संकेतस्थळाच्या नावाचे शुल्क त्याच्या पत्त्यावर मागितले जाते, ते भरले जात नाही आणि चार वर्षांचे अंक एका रात्रीत अदृश्य होतात. याच भोपाळात १९८४ पासून माधवराव सप्रे यांच्या नावाचे वृत्तपत्र-संग्रहालय आहे. सप्रे यांची मातृभाषा मराठी, पत्रकारिता हिंदी. टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत आणले. तेथे जुनी वर्तमानपत्रे आजही उलगडून वाचता येतात, कारण कागदाला परवलीचा शब्द लागत नाही.

म्हणून खाते व्यक्तीच्या नावे न ठेवता संस्थेच्या नावे असावे, किल्ल्या दोन अध्यापकांकडे असाव्यात, आणि प्रत्येक सत्राच्या अखेरीस सर्व मजकूर, त्यावरील शेरे आणि संमतीच्या नोंदींसह, कोणत्याही साध्या संगणकावर उघडेल अशा रूपात उतरवून ग्रंथालयात जमा करावा. जूनमध्ये येणाऱ्या नव्या तुकडीला पहिल्या आठवड्यात वाचावयास द्यावी ती मागच्या वर्षीची एखादी बातमी, तिच्या सर्व मसुद्यांसकट, आणि तीत कोणत्या टप्प्यावर कोणते वाक्य गळाले ते दाखवावे.