बोटभर सैनिक आणि रंगवलेला उजेड

टेबलावर मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत सैनिक, घोडेस्वार, तोफा, राक्षस किंवा पंखांचे सर्प यांच्या ज्या बोटभर उंचीच्या प्रतिमा वापरतात त्यांना मिनिएचर म्हणतात, आणि त्या हाताने रंगवण्याचे काम युरोप-अमेरिकेत खेळापासून जवळजवळ वेगळी निघालेली कला म्हणून मान्यता पावले आहे. राजपूत किंवा मोगल शैलीच्या लघुचित्रांशी तिचे नाते दूरचे आहे, कारण येथे रंग सपाट कागदावर नव्हे तर घडीव, उंचसखल पृष्ठभागावर चढतो आणि त्यामुळे चित्रकार व मूर्तिकार या दोघांच्याही अडचणी एकाच कारागिराच्या वाट्याला येतात. हा छंद मूळचा पश्चिमेकडचा असला, तरी त्याला लागणाऱ्या दोन गोष्टी, म्हणजे लहान वस्तूवरील उजेडाची जाण आणि जुन्या फौजांची माहिती, खानदेशात आणि त्याच्या उंबरठ्यावर विपुल आहेत.

युद्धखेळाचा आधुनिक इतिहास प्रशियात सुरू होतो. तेथे राइसविट्झ पितापुत्रांनी सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशा, ठोकळे, फासे आणि निवाडा करणारा पंच यांच्या आधारे एक खेळ रचला, आणि मुलाने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेले त्याचे नियम प्रशियाच्या सैन्याने स्वीकारले. इंग्लंडात विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतण्यास आरंभ केल्यावर ते स्वस्त व हलके झाले, आणि एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात त्यांच्यासाठी घरगुती नियम लिहिले. अमेरिकेत १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि इंग्लंडात १९८३ साली ‘वॉरहॅमर’ हे कल्पनारम्य खेळ आल्यावर ऐतिहासिक पलटणींच्या शेजारी चेटकी, बुटके आणि हिरव्या कातडीचे ऑर्क उभे राहिले. नियम कोणतेही असोत, रचना सर्वसाधारणपणे एकच असते: चाल इंचपट्टीने मोजतात, माऱ्याचा परिणाम फाशांवर ठरतो, आणि एक प्रतिमा कधी एका माणसाच्या तर कधी वीस किंवा पन्नास माणसांच्या जागी उभी असते.

प्रचलित मापांपैकी २८ मिलिमीटरचे माप सर्वांत लोकप्रिय आहे. मोठ्या लढायांसाठी १५ किंवा ६ मिलिमीटरच्या प्रतिमा घेतात. अठ्ठावीस मिलिमीटरचा सैनिक हा खऱ्या माणसाच्या सुमारे साठाव्या हिश्शाएवढा असतो, म्हणून तो फूटभर अंतरावरून पाहणे म्हणजे खरा माणूस साठ फुटांवरून पाहण्यासारखे आहे. मात्र खऱ्या माणसावर पडणारा सूर्यप्रकाश त्याच्या अंगरख्याच्या चुण्यांत स्पष्ट सावल्या टाकतो, तर खोलीतील दिवा त्या इवल्या चुण्यांच्या मानाने अवाढव्य असल्यामुळे चहूबाजूंनी प्रकाश पाझरतो आणि सावल्या पुसट होतात. परिणामी नुसत्या योग्य रंगांत रंगवलेली प्रतिमा सपाट आणि निर्जीव दिसते. यावर या कलेने शोधलेला उपाय असा, की जो उजेड प्रतिमेवर पडत नाही तो रंगानेच तिच्यावर रंगवावयाचा: घडीच्या तळाशी गडद छटा, घडीच्या माथ्यावर फिकट छटा, आणि खांदा, नाक, गुडघा अशा वर आलेल्या भागांवर सर्वांत उजळ रेघ. या कलेतील बाकी सारे कौशल्य या एका गोष्टीभोवती फिरते.

नेमका हाच प्रश्न जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावच्या एका कलावंताने दुसऱ्या टोकाने सोडवला होता. केकी मूस (१९१२–१९८९) यांनी चाळीसगावच्या रेल्वे स्थानकाजवळील आपल्या दगडी घरात सुमारे पन्नास वर्षे जवळजवळ एकांतवासात काढली, आणि चित्रकला, शिल्प व छायाचित्रण यांच्या जोडीला ‘टेबल टॉप’ नावाच्या छायाचित्रप्रकारात विशेष नाव मिळवले. या प्रकारात हाताशी असलेल्या साध्या वस्तू टेबलावर अशा रचतात आणि त्यांवर दिवा अशा बेताने रोखतात, की छायाचित्रात तो पसारा विस्तीर्ण निसर्गदृश्य वाटावा. असा प्रकाश लहानशा जागेतून, एका बाजूने आणि कमी उंचीवरून आला, तर सावल्या लांब व ठळक पडतात आणि लहान वस्तू मोठी भासते. शिवाय कॅमेऱ्याचे छिद्र बारीक ठेवून प्रकाशन लांबवले, तर पुढची आणि मागची वस्तू सारखीच रेखीव उमटते. छायाचित्रकाराला एकच कोन सांभाळावा लागतो म्हणून दिव्यावर भागते. खेळातली प्रतिमा मात्र चारी बाजूंनी पाहिली जाते आणि टेबलभर फिरते, म्हणून तिचा दिवा तिच्या अंगावरच रंगवून ठेवावा लागतो. मूस यांचे घर आज संग्रहालय आहे, आणि मिनिएचर रंगवू पाहणाऱ्याने परदेशी चित्रफितींच्या आधी तेथे जाऊन येणे अधिक फायद्याचे ठरेल.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात रंगाने होत नाही. प्रतिमा कथीलप्रधान मिश्रधातूची, प्लास्टिकची किंवा रेझिनची असते. साच्याचे दोन भाग जेथे जुळतात तेथे उरलेली बारीक कड चाकूने खरवडून काढावी लागते, कारण पुढे प्रत्येक छटा त्या कडेवर अडखळते. जुन्या प्रतिमांत शिसे असू शकते, म्हणून खरवडलेली भुकटी पाण्याने धुऊन काढावी आणि ब्रशचे टोक ओठांत धरून जुळवण्याची चित्रकारांची जुनी सवय येथे सोडावी. साबणाच्या पाण्याने धुतलेल्या प्रतिमेवर अस्तराचा, म्हणजे प्रायमरचा, पातळ हात देतात. त्यातली एक चांगली युक्ती अशी, की संपूर्ण प्रतिमेला आधी काळे अस्तर द्यावे आणि मग केवळ वरून पांढरा फवारा मारावा. माथ्यावर आलेल्या सूर्याचा उजेड कोठे पडला असता याचा नकाशाच त्यामुळे प्रतिमेवर तयार होतो. त्यानंतर मूळ रंग येतात, आणि ते दुधाइतके पातळ करून दोन हातांत दिले तरच चेहऱ्यावरची बारीक कोरीव रेषा बुजत नाही. त्यावर अतिशय पातळ, गडद रंगाचा वॉश सोडतात, तो आपोआप खोलगट जागी साचून सावली होतो. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग वरवर फिरवतात, तो केवळ उंचवट्यांवर बसतो. या कृतीला ड्राय ब्रश म्हणतात, आणि चिलखताच्या कड्या, घोड्याची आयाळ, दाढी यांसाठी तिच्याइतकी झटपट कृती दुसरी नाही. शेवटी वॉर्निश. खेळात प्रतिमा सतत हाताळल्या जात असल्याने ते टाळता येत नाही.

खानदेशच्या हवेत या कृतीला थोडी मुरड घालावी लागते. वैशाखात जळगाव-भुसावळ पट्ट्यातला पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो तेव्हा अॅक्रिलिक रंग पॅलेटवर काही मिनिटांत साय धरतो, आणि फवाऱ्याचे अस्तर प्रतिमेपर्यंत पोचण्याआधीच हवेत वाळून खरखरीत भुकटीसारखे बसते. यावर उपाय सोपे आहेत: उथळ डबीत ओले फडके पसरून त्यावर बटर पेपर ठेवला, की त्याच्यावरचे रंग तासन्‌तास ओले राहतात, आणि फवारणीसाठी पहाटेची वेळ धरावी. पावसाळी दमट हवेत फवाऱ्याचे वॉर्निश पांढुरके पडते, म्हणून त्या दिवसांत ते ब्रशने द्यावे. महागड्या परदेशी रंगांची सक्ती नाही. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनचे अॅक्रिलिक रंग नवशिक्याला पुरेसे आहेत. काटकसर करायची तर ती रंगांत करावी, ब्रशमध्ये नको, कारण टोक फुटलेल्या शून्य नंबरच्या ब्रशने डोळा काढता येत नाही.

छटांच्या या पद्धतीलाच श्रेष्ठ मानण्याचे मात्र कारण नाही. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत खानदेशातल्या मुली ज्या गुलाबाईसमोर गाणी म्हणतात, तिच्या मातीच्या मूर्तीवर गुलाबी, पिवळे, हिरवे रंग छटेविना सपाट लावलेले असतात आणि डोळे-भुवया काळ्या रेषेने ठसवलेल्या असतात. दिव्याच्या मंद उजेडात, घोळक्यातून आणि थोड्या अंतरावरून पाहावयाच्या मूर्तीला हीच रीत शोभते. विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यातले जुने शिसे-सैनिकही असेच सपाट, चकचकीत रंगांचे होते, आणि ती शैली आजही काही संग्राहक निष्ठेने पाळतात. साठ-सत्तर प्रतिमांची पलटण तीन फुटांवरून पाहिली जाणार असेल, तर गुलाबाईच्या कारागिराची ठसठशीत काळी रेषा दहा सूक्ष्म छटांपेक्षा अधिक काम करते.

ऐतिहासिक प्रतिमांत रंगाआधी कागदपत्रे येतात. जळगावच्या दक्षिणेस अजिंठ्याचा डोंगर ओलांडला, की आजच्या जालना जिल्ह्यात असईचे रणक्षेत्र लागते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांच्या फौजेची तेथे आर्थर वेलस्लीशी, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनशी, गाठ पडली. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात झालेल्या या लढाईत कंपनी सरकारची मारली गेलेली व जखमी मिळून पंधराशेहून अधिक माणसांची हानी झाली आणि मराठ्यांच्या ९८ तोफा गेल्या. जगभरच्या युद्धखेळाडूंना ही लढाई आकर्षक वाटते, पण रंगवणाऱ्याला ती लगेच कोड्यात टाकते. शिंद्यांचे कंपू, म्हणजे हॅनोव्हरच्या पोलमनसारख्या युरोपीय सरदारांच्या हाताखालची कवायती पायदळे, कंपनीच्या शिपायांप्रमाणेच तांबड्या अंगरख्यांत लढत असत, त्यामुळे टेबलावर दोन्ही बाजू सारख्याच दिसू लागतात, आणि पागोट्यांचा रंग, चामड्याचे पट्टे व निशाणे यांवरच भेद उभा करावा लागतो. घोडदळाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. बारगिराला घोडा व हत्यार सरकारातून मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. म्हणून शिलेदारांच्या पथकातले दोन स्वार एकाच रंगात रंगवणे ही चूकच होय. पांढऱ्या कपड्यातही धुवट, मळकट, पिवळसर असे भेद ठेवावे लागतात, आणि पांढरा रंगवणे हे या कलेतले सर्वांत कठीण काम असल्याने मराठी घोडदळ नवशिक्याची परीक्षा पाहते.

पुरावे विखुरलेले असले तरी आहेत. शिंद्यांच्याच छावणीत १८०९ मध्ये राहिलेल्या टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याची पत्रे १८१३ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाली, आणि त्यातील रंगीत चित्रे एका हिंदुस्थानी चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलेली आहेत. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी निधन झाल्यावर त्यांच्या संग्रहासाठी जे संशोधन मंडळ उभे राहिले, तेथे जुनी कागदपत्रे, चित्रे आणि हत्यारे पाहावयास मिळतात. तलवारीच्या मुठीची घडण किंवा ढालीवरच्या फुल्यांची मांडणी खऱ्या वस्तूवरून घेणे हे परदेशी पुस्तकातल्या तिसऱ्या हाताच्या चित्रावरून घेण्यापेक्षा केव्हाही चांगले. कल्पनारम्य प्रतिमांना हा जाच नाही. राक्षसाची कातडी निळी की हिरवी हे रंगवणारा ठरवतो, पण उजेड मात्र त्यालाही एकाच दिशेने आणावा लागतो.

नवशिक्याने असईपासून आरंभ करू नये. दहा हजारांच्या आसपासचे कवायती पायदळ वीस माणसांस एक प्रतिमा या प्रमाणात मांडले, तरी केवळ मराठ्यांच्या पायदळासाठी पाचशे सैनिक रंगवावे लागतील, आणि बहुतेकांचा उत्साह पहिल्या पन्नासांतच आटतो. त्यापेक्षा धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातले, तापीकाठचे थाळनेर घ्यावे. मंदसोरच्या तहाने होळकरांचा खानदेशातला मुलूख इंग्रजांकडे गेल्यावर २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर टॉमस हिस्लॉपच्या फौजेने हा किल्ला घेतला. दरवाजातल्या चकमकीत इंग्रज अधिकारी पडल्यावर आतल्या शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी देण्यात आले. ही शिबंदी सुमारे तीनशेची होती, म्हणजे दहास एक या प्रमाणात तीस प्रतिमा, आणि हल्ला करणाऱ्यांत रॉयल स्कॉट्स व मद्रास युरोपियन रेजिमेंटच्या निवडक तुकड्या होत्या, ज्यांचे गणवेश चांगले ज्ञात आहेत. दरवाजे आणि तट पुठ्ठा व थर्माकोलमध्ये करता येतात, प्रतिमांच्या तळांना फेव्हिकॉल लावून त्यावर तापीची चाळलेली वाळू आणि काळी माती टाकली की जमीन तयार होते, आणि तिचा रंग बरोबर जमला की नाही हे पाहण्यासाठी शिरपूरहून थाळनेरला जाऊन पडक्या तटाशेजारी ती प्रतिमा धरून पाहता येते.