विश्लेषण : कुत्र्याचे गोचीड-औषध मांजराला का चालत नाही?

वरसाव्याच्या एका बाजूला घोडबंदर रस्ता, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी आणि पाठीशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. इथल्या पाळीव मांजरांचे आयुष्य अर्धे घरात आणि अर्धे कुंपणापलीकडच्या गवतात जाते. पावसाळा सरता सरता गवत कमरेएवढे होते. मग रात्री भटकून आलेल्या मांजराची मान कुरवाळताना बोटाला मसुराएवढी टणक गाठ लागते. ती गोचीड असते. घाबरण्याचे कारण त्या गोचिडीत कमी आणि त्यानंतर घरात जे केले जाते त्यात अधिक असते.

शेजारच्यांकडे कुत्रा असतो, त्याच्या औषधाचे दोन थेंब उरलेले असतात. ‘लहान जनावर आहे, थोडेसेच लावू’ असा विचार होतो. नेमका हाच हिशेब मांजराच्या जिवावर बेततो.

‘परमेथ्रिन’ मांजराला विष का?

कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या अनेक औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते आणि तेही तीव्र प्रमाणात. कुत्र्याचे यकृत ते फोडून शरीराबाहेर टाकते. मांजराच्या यकृतात ही प्रक्रिया फारच मंद चालते. विषारी घटक बाहेर टाकणारी काही विकरे मांजराच्या कुळात उत्क्रांतीच्या ओघात जवळजवळ निकामी झाली आहेत. त्यामुळे परमेथ्रिन अंगात साठते आणि मज्जासंस्थेवर हल्ला करते. काही तासांत लाळ गळू लागते, कान आणि कातडी थरथरते, चाल अडखळते, मग आकडी येते. मात्रा कमी केली म्हणून धोका टळत नाही. औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपलेल्या मांजरालाही ही बाधा होऊ शकते.

चुकून थेंब पडलाच, तर लक्षणांची वाट पाहत बसू नये. कोमट पाण्यात भांड्याचे साधे द्रवसाबण घालून ती जागा धुवावी, मांजराला टॉवेलात गुंडाळावे आणि औषधाच्या वेष्टनासह थेट पशुवैद्यकाकडे न्यावे. मांजराला झटके येत असतील तर आंघोळीत वेळ न घालवता आधी दवाखाना गाठावा. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक मांजरे वाचतात.

हीच गोष्ट गोठ्यात फवारायच्या सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनची आणि कुत्र्यांना घालायच्या अमित्राझच्या आंघोळीची. घरगुती उपायही निरुपद्रवी नसतात. कापूर, डांबरगोळ्या, फिनाइल, टी-ट्री तेल हे सारे मांजराला बाधते. मांजर अंग चाटून स्वच्छ करते, म्हणजे जे अंगावर लावले ते पोटात गेलेच.

मग गोचीड काढायची कशी?

टोकदार चिमट्याने. गोचिडीचे फुगलेले पोट न पकडता कातडीला लागून तिचे तोंड पकडावे आणि न हिसडता, न पिळता सरळ वर ओढावे. जळती काडी, रॉकेल, व्हॅसलीन असल्या उपायांनी ती लवकर सुटत नाही. उलट चिडलेली गोचीड आपली लाळ जखमेत अधिक सोडते आणि रोगजंतू असलेच तर त्या लाळेतूनच शिरतात. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तरी उकरू नये, कातडी तो बहुधा स्वतःच बाहेर टाकते. काढलेली गोचीड बोटांनी चिरडू नये. स्पिरिटमध्ये टाकावी किंवा चिकटपट्टीत दाबून बंद करावी. नंतर हात साबणाने धुवावेत.

काढण्याआधी एक खात्री मात्र करावी. मांजराच्या पोटावर दोन रांगांत सड असतात, बोक्यालाही असतात. त्यांना गोचीड समजून चिमटा लावणारे कमी नाहीत. गोचिडीला बारकाईने पाहिले की पाय दिसतात. रक्त पिऊन टम्म झालेली मादी तर हुबेहूब एरंडाच्या बीसारखी दिसते. एरंडाचे शास्त्रीय नाव ‘रिसिनस’ हे लॅटिनमधल्या गोचिडीच्याच नावावरून आले आहे.

मांजर स्वतःच्या खरखरीत जिभेने बऱ्याच गोचिडी काढून टाकते. उरतात त्या जीभ न पोहोचणाऱ्या जागी : कानांच्या मुळाशी, हनुवटीखाली, मानेवर. बोटांच्या बेचक्यांतही पाहावे. रोज संध्याकाळी या जागा चाचपल्या तर दोन मिनिटे लागतात.

घरात त्या येतात कुठून?

गवतातून येतात, पण शहरी भागात सर्रास आढळणारी तपकिरी गोचीड मुळात कुत्र्यांची असते. ती आयुष्याचा मोठा भाग जनावराच्या अंगावर काढतच नाही. प्रत्येक अवस्थेत एकदा रक्त प्यायचे, खाली पडायचे, कात टाकायची आणि नवा यजमान शोधायचा, असा तिचा क्रम. मादी हजारांच्या संख्येने अंडी घालते, तीही भिंतीच्या भेगांत, जिन्याखाली, वाहनतळाच्या कोपऱ्यांत. म्हणून मांजराला औषध देऊन भागत नाही. अंथरूण गरम पाण्यात धुवावे, भेगा बुजवाव्यात, सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांवरही पशुवैद्यकांच्या सल्ल्याने उपचार करून घ्यावेत.

माणसाला धोका किती?

गोचीड म्हटले की माकडताप आठवतो. हा आजार 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला आणि महाराष्ट्रात 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग परिसरात त्याचे रुग्ण आढळले. तो पसरवणाऱ्या गोचिडी प्रामुख्याने जंगलातल्या. वरसाव्याच्या मांजरावरची प्रत्येक गोचीड माकडतापच घेऊन येते असे समजण्याचे कारण नाही. तपकिरी गोचिडीतून मात्र माणसाला ‘टिक टायफस’ होऊ शकतो. चावल्यानंतर दोनेक आठवड्यांत ताप, डोकेदुखी किंवा अंगावर पुरळ आले तर डॉक्टरांना गोचिडीची माहिती आवर्जून द्यावी. आजार वेळीच ओळखला तर साध्या प्रतिजैविकाने बरा होतो.

मांजराच्या बाबतीत हिरड्या पांढुरक्या पडणे, सुस्ती, ताप या खुणा. दिवसभर अन्नाला तोंड न लावणारे मांजर दुसऱ्या दिवसापर्यंत घरी ठेवू नये.

प्रतिबंधासाठी मांजरांकरिता बनवलेली फिप्रोनिल, सेलामेक्टिन किंवा फ्लुरालनेर यांसारखी औषधे मिळतात. सगळीच सर्व प्रकारच्या गोचिडींवर सारखी चालत नाहीत, म्हणून निवड पशुवैद्यकाची. मांजराचे वजन करूनच मात्रा ठरते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलांना यांपैकी काहीही परस्पर लावू नये, त्यांच्यासाठी चिमटा आणि बारीक फणीच बरी. थेंब मानेच्या वरच्या भागात केस बाजूला सारून कातडीवर सोडायचे, जिथे जीभ पोहोचत नाही. आणि खोक्यावर कुत्र्याचे चित्र असेल, तर ते दुकानातच परत करायचे.