शिलाई मशीनच्या पेटीतला कुबट वास: त्याचं रसायनशास्त्र आणि उपाय

जुन्या हातमशीनचं लाकडी झाकण उचललं की मशीनच्या आधी कुबट वास भेटतो. मग कोणी पेटीत डांबरगोळ्या टाकतं, कोणी अत्तराचा बोळा ठेवतं. चार दिवसांनी दोन्ही वास एकत्र यायला लागतात. असं का होतं?

हा वास म्हणजे बुरशीने हवेत सोडलेले रेणू. बुरशी स्निग्धाम्लं तोडते तेव्हा १-ऑक्टेन-३-ऑल नावाचं अल्कोहोल तयार होतं. ताज्या अळंबीला येतो तो वास याचाच. जोडीला बऱ्याचदा जिओस्मिन असतं, म्हणजे पहिल्या पावसात मातीला येणाऱ्या वासातला एक मुख्य घटक. ते काही जिवाणू आणि काही बुरश्या बनवतात. आपलं नाक त्याच्या बाबतीत फारच तिखट आहे: लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम असलं तरी कळतं. म्हणून बुरशी पुसून काढली तरी लाकडात मुरलेले थोडेसे रेणू वास द्यायला पुरतात.

आता पेटीकडे बघा. बाहेरून पॉलिश असतं, आतलं लाकूड मात्र बऱ्याचदा कोरंच असतं. जुन्या जोडकामात सरस वापरलेला असतो. तो प्रथिनांचा, म्हणजे बुरशीसाठी जेवणच. आर्द्रता बराच काळ ७५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आणखी काही लागत नाही, आणि आपल्या पावसाळ्यात बंद पेटीत तेवढी सहज असते.

म्हणून पहिलं काम सुकवण्याचं. कोरड्या दिवसांत पेटी उघडी करून सावलीत, पंख्याखाली आठवडाभर ठेवा. कडक उन्हात नको; लाकडाचा वरचा पातळ थर उचलला जातो, वाकवलेल्या झाकणाला चिरा पडतात.

मग मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने बुरशी झाडा. दम्याचा त्रास असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने आतून पुसा आणि पुन्हा सुकवा. पाणी ओतू नका, सरस सुटतो. स्पिरिटही नको, लाखेचं पॉलिश त्यात विरघळतं.

ब्लीच तर अजिबात नको. त्यातला क्लोरीन लाकडातल्या फिनॉलसारख्या संयुगांना चिकटून क्लोरोफिनॉल तयार होऊ शकतात. उरलेली बुरशी त्यांचं रूपांतर क्लोरोॲनिसोलमध्ये करते, आणि क्लोरोॲनिसोलचा वास कुबटच असतो, तोही अत्यंत कमी प्रमाणात जाणवणारा. वाइनच्या तळघरांत क्लोरीन टाळतात ते याच कारणाने. म्हणजे वास घालवायला वापरलेलं औषधच नवा वास तयार करू शकतं.

खाण्याच्या सोड्याचं काय? सोडा आम्लांशी अभिक्रिया करतो, त्यामुळे खवट तेलाच्या आंबूस वासावर थोडाफार चालतो. पण ऑक्टेनॉल आणि जिओस्मिन ही अल्कोहोलं आहेत. सोडा त्यांना हातही लावत नाही. सिलिका जेल मुख्यतः ओलावा शोषतं. इथे हवा सक्रिय कोळसा. त्याच्या एका ग्रॅममधल्या सूक्ष्म छिद्रांचं क्षेत्रफळ १००० चौरस मीटरच्या आसपास असू शकतं, आणि वासाचे रेणू त्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. पाणी शुद्धीकरणातही जिओस्मिन काढायला तोच वापरतात. सुती पुरचुंडीत बांधून बंद पेटीत दोन-तीन आठवडे ठेवा आणि मग बदला. लाकडातून रेणू हळूहळूच बाहेर येतात, त्यामुळे घाई करून उपयोग नाही.

तरीही वास उरला तर पूर्ण सुकलेल्या कोऱ्या लाकडावर आतून लाखेच्या पॉलिशचे दोन पातळ हात द्या. आत उरलेले रेणू बरेचसे तिथेच अडकतात. ओल्या लाकडावर मात्र हे करू नका, ओलावाही आतच कोंडला जाईल.

शेवटी, पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नका आणि पावसाळ्यात अधूनमधून मशीन चालवा. त्या निमित्ताने झाकण उघडतं, आत हवा खेळते, आणि बुरशी पुन्हा धरलीच तर वेळेत दिसते.